चौथ्या मालकाचं पाणी

थोरलीला सत्तावीस वर्षांत चार मालक झाले, पण तिच्या नळांचा मालक एकच राहिला. त्याला सगळे वायसर म्हणत. बुटका, गोल गरगरीत आणि जिथे गळती तिथे हजर, म्हणून वायसर. बायकोसुद्धा रागावली की वायसर म्हणायची, एरवी अहो.

थोरली म्हणजे जहाज. सहलीचं. नऊ मजले, चारशेच्या वर खोल्या, छपरावर पोहण्याचा तलाव आणि खाली, प्रवाशांना कधीच न दिसणाऱ्या दोन मजल्यांवर, तीनशे माणसांचा राबता. पुढच्या टोकावरचं नाव दर मालकाने खरवडून नवं रंगवलं, पण कामाची माणसं तिला थोरलीच म्हणत राहिली. दुसऱ्या मालकाकडे तिच्याच घडणीचं आणखी एक जहाज होतं, ती धाकटी. धाकटी कधीच भंगारात गेली. थोरली मात्र दर काही वर्षांनी नव्या सासरी मुकाट नांदत राहिली.

पहिला मालक शेठ. बायकोच्या हौसेखातर त्याने ती बांधून घेतली. रोज सकाळी स्वतः एक मजला चालायचा, कठड्यावरून बोट फिरवायचा आणि बोट काळं झालं की न ओरडता नुसतं ते बोट दाखवायचा. त्याच्या काळात जहाजावर वाचनालय होतं आणि नाचाच्या दालनाला सागवानी जमीन होती. शेठ गेला, मुलांनी जहाज विकलं आणि दुसरा मालक म्हणून एक कंपनी आली. कंपनीला ऐसपैस खोल्या बघवेनात. तिने एका खोलीच्या दोन केल्या, दोनच्या तीन केल्या, वाचनालयात मुलांचं खेळघर घातलं आणि छपरावर घसरगुंडी. नवी खोली म्हणजे नवं न्हाणीघर, आणि नवं न्हाणीघर म्हणजे नवे नळ. जोडणाऱ्यांना घाई एवढी की हाताशी येईल त्या पाइपाला भोक. तिसरा मालक जुगारवाला. त्याने भिंतीवरची घड्याळं उतरवली, खिडक्या बुजवल्या, सागवानी जमिनीवर लाल गालिचा ठोकला आणि सगळीकडे आरसे लावले, म्हणजे हरणाऱ्याला स्वतःचं तोंड चार बाजूंनी दिसावं. त्यानेही जाता जाता पाच-पंचवीस पाइप इकडचे तिकडे केले.

एवढ्या उलथापालथीत नकाशा करायला कोणाला सवड होती? कॅप्टनच्या खोलीतल्या कपाटात शेठच्या वेळचे नकाशे होते, सुबक, निळ्या शाईतले आणि आता साफ खोटे. खरा नकाशा एकाच ठिकाणी होता, वायसरच्या डोक्यात. आणि वायसरला तो तिथेच ठेवायचा होता.

याला कारण होतं. मालक बदलला की माणसं गळत, तिघांतला एक घरी जाई, हे ठरलेलं. वायसरला नोकरीची तेवढी धास्ती नव्हती. नळ सगळ्या जगात गळतात. त्याला धास्ती होती ती खोलीची. जहाजावर नवरा-बायकोला मिळून एक खोली मिळे, पण दोघंही कामावर असतील तरच. एकाचं नाव यादीतून गेलं की एकाने वर्षातले नऊ महिने पाण्यावर काढायचे आणि दुसऱ्याने जमिनीवर. वायसरची बायको जहाजाच्या लाँड्रीची मुख्य होती, सगळ्यांची वहिनी. पण ती लाँड्रीत आली त्याआधी, लग्नानंतरची पहिली तीन वर्षं त्यांनी अशी तुटक काढली होती. त्या तीन वर्षांत त्यांना मुलगी झाली आणि महिन्याभरात गेलीही. वायसरला दोन्ही पत्रं एकाच बंदरात, एकाच दिवशी मिळाली. त्याने आधी दुसरं उघडलं. त्यानंतर तो शेठपुढे जाऊन उभा राहिला, बायकोला लाँड्रीत लावून घेतलं आणि मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, पुन्हा वेगळं राहायचं नाही.

काय वाटेल ते म्हणजे काय, ते पहिल्यांदा मालक बदलला तेव्हा कळलं. चौथ्या मजल्यावर चादरींच्या कोठारात, मांडणीच्या मागे एक फळी निघायची आणि तिच्यामागे एक व्हॉल्व्ह होता. तो बंद केला की सहाव्या मजल्यावरच्या बड्या खोल्या कोरड्या पडत, आणि नवा मालक पाहणीला आला की उतरायचा नेमका तिथेच. वायसरने पाहणीच्या सकाळी तो व्हॉल्व्ह फिरवला आणि चहा प्यायला गेला. वर कंपनीच्या साहेबांचा पुतण्या डोळ्यांत साबण घेऊन बोंबलत बसला. चार तास निळ्या नकाशांची चिवडाचिवड झाली, नाकी नऊ आले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अरे, वायसरला बोलवा." वायसर आला. त्याने भिंतीला कान लावला, दोन ठिकाणी उगाच टकटक केलं आणि माणसांच्या आवाजात पाण्याचा आवाज कळत नाही म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. सात मिनिटांत पाणी. संध्याकाळी ठेवायच्या माणसांच्या यादीत पहिलं नाव त्याचं, आणि त्याला धरून ठेवायचं म्हणजे बायकोलाही ठेवणं आलं. याला तो मालकाशी तोंडओळख म्हणायचा. जुगारवाल्याशीही त्याने अशीच तोंडओळख करून घेतली होती.

हाताखालच्यांनाही तो हेच शिकवायचा. "सगळं सांगून बसू नये. एखादी गोष्ट हातची राखावी. माणूस गोड म्हणून कोणी ठेवत नाही, अडतं म्हणून ठेवतात." बॉयलरवाला वाफ्या त्याच्या हाताखाली सहा वर्षं पाने-पकडी उचलून शिकला होता आणि हे वाक्य त्याला पाठ होतं. लाँड्रीच्या कढत पाण्याचा आणि वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर आता तो एकटा सांभाळायचा.

चौथा मालक म्हणजे एक संस्था. नोकरीतून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिला जहाजावर घरं करायची होती. चार दिवसांची सहल नाही, वर्ष वर्ष राहायचं. संस्थेची सात माणसं यायची होती, पण त्यांच्या आधी आठवडाभर एक इंजिनिअर बाई येऊन राहिल्या. गळ्यात दोरीला चष्मा, काखेत कागदांची गुंडाळी आणि पायांत पुरुषी बूट. लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना नकाशेबाई करून टाकलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "नळांचं कोण बघतं? मला त्यांच्याबरोबर चालायचंय."

"चालू की, सवडीने," वायसर म्हणाला आणि पुढचे सहा दिवस त्याला सवड झाली नाही.

पाहणीच्या आदल्या दुपारी वहिनी खोलीत बसून त्याच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होती.

"या वेळी नको हं," ती मान वर न करता म्हणाली.

"काय नको?"

"मला विचारता? ती बाई रोज तुमच्या मागे फिरतेय, दाखवा म्हणून. विचारणाऱ्याला कशाला अडवायचं?"

"विचारतेय म्हणूनच. एकदा कागदावर उतरलं की माझ्यात काय उरलं?"

"आहे तेवढं उरेल. पोट तर कुठे जात नाही."

वायसर हसला. "शेवटची वेळ. पुढचा मालक येईपर्यंत आपण दोघंही थकणारच आहोत."

"मागच्या वेळीही शेवटचीच होती," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने व्हॉल्व्ह फिरवला. नऊला सहावा मजला कोरडा पडला. नकाशेबाई गुंडाळी घेऊन वरखाली पळाल्या, संस्थेची सात माणसं बाहेर येऊन उभी राहिली, आणि वायसर हत्यारांच्या खोलीत दुसरा चहा पीत बसला. साडेअकराला बोलावणं आलं. त्याने भिंतीला कान लावला, टकटक केलं, सगळं यथासांग केलं. मग चादरींच्या कोठारात जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाइपातून पाणी धावलं, त्याची थरथर तळहाताला लागली आणि दर वेळेसारखं त्याला छान वाटलं.

वर सगळे नळ वाहत होते. संस्थेच्या अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नकाशेबाईंनी मारली नाही. त्या घड्याळ बघत होत्या.

"सात मिनिटं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नऊला बोलावलं असतं तर?"

"तरी सातच लागली असती."

त्या पुढे काही बोलणार, तेवढ्यात पायांखालून, खूप खालून, काहीतरी दणकल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांना बोलवायची घंटा वाजायला लागली. भिंतीवरच्या पाटीवर लाँड्रीचा दिवा लागला होता.

वायसर एवढे जिने कसा उतरला ते त्याला नंतर आठवलं नाही. लाँड्रीत धुक्यासारखी वाफ भरली होती. इस्त्रीच्या मोठ्या यंत्राची वाफेची नळी निखळून लोंबत होती. वहिनी एका पालथ्या टोपलीवर बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत होता, तोंड पांढरंफटक झालं होतं आणि तशातही ती पोरींना सांगत होती, "आधी चादरी काढा गं, ओल्या राहिल्या तर डाग पडतील." मग तिने वायसरकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. तिला सगळं समजलंय हे त्याला कळलं.

वाफ्या बॉयलरपाशी उभा होता. "बॉयलरचं पाणी कधी संपलं कळलंच नाही," तो म्हणाला. "पातळीचा काटा जुगारवाल्याच्या वेळेपासून अडकतो. वास आला म्हणून बंद करायला धावलो, तर तेवढ्यात एकदम भसकन पाणी आलं. तापलेल्या लोखंडावर. सगळी वाफ इस्त्रीत गेली."

"पण तुझं पाणी गेलंच कसं?" वायसर म्हणाला. "लाँड्रीचा पाइप वेगळा आहे. तळातून येतो."

वाफ्याने मान खाली घातली. "तो पाइप दोन वर्षांपूर्वी सडला. तुम्ही रजेवर होता. मी सहाव्या मजल्याकडे जाणाऱ्या पाइपातून जोड घेतला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच म्हणायचात ना, एखादी गोष्ट हातची राखावी," वाफ्या म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण शिकवल्याप्रमाणे केलं आणि तरी काहीतरी चुकलं.

दुपारी कॅप्टनच्या खोलीत चौकशी झाली. सहाव्या मजल्यावर हवा अडकल्यामुळे पाणी थांबलं, असं वायसरने सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यावर कोणी शंका घेतली नाही. प्रश्न होता तो कागदावर नसलेल्या जोडाचा आणि काट्याकडे न बघणाऱ्या माणसाचा. वाफ्याने सरळ सांगून टाकलं की चूक माझी. त्याची तशी खात्रीच होती. तीन दिवसांनी पुढचं बंदर आलं की त्याने उतरायचं असं ठरलं. वायसर भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. आयुष्यात त्याने बऱ्याच लबाड्या केल्या होत्या, पण स्वतःची लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

दवाखान्यात वहिनी उशीला टेकून बसली होती. हातावर पांढरी पट्टी.

"दुखतंय?" वायसरने विचारलं.

"नाही, गाणी म्हणतोय हात."

तो स्टुलावर बसला. "वाफ्याला उतरवतायत."

"पोरी सांगून गेल्या."

"तू कोणाला काही..."

"मी कशाला बोलू? व्हॉल्व्ह मी फिरवला का?" तिने डोळे मिटले. जरा वेळाने ती म्हणाली, "अहो, तुम्ही हे का करता ते मला माहीत आहे. पहिलं पत्र न वाचता दुसरं वाचलंत, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, पण माझ्या लक्षात आहे. म्हणून मी आजवर गप्प बसले. मलाही ती खोली हवीच होती. पण हे आपल्या दोघांपुरतं होतं. त्यात तो वाफ्या कुठून आला?"

वायसर तिच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं करत राहिला, मग उठला आणि सरळ कॅप्टनच्या खोलीत गेला. नकाशेबाई तिथेच होत्या. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आजचं, जुगारवाल्याच्या वेळचं आणि कंपनीच्या पुतण्याचंसुद्धा. कॅप्टनचा चेहरा लालचा जांभळा झाला. नकाशेबाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला.

"तुम्हाला माहीत आहेत पण कागदावर नाहीत, असे व्हॉल्व्ह अजून किती आहेत?"

"मोजले नाहीत. नव्वदेक असतील."

"एका माणसाने एक जोड लपवला आणि दुसऱ्याने एक व्हॉल्व्ह, तर हे झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "इथे सत्तरीची, ऐंशीची माणसं राहायला येणार आहेत. आग लागली आणि कुठलं पाणी कुठून जातं हेच माहीत नसलं, तर मी त्यांना काय सांगू?"

दोन दिवस संस्थेची खलबतं चालली. वाफ्याचं उतरणं रद्द झालं. नवा काटा बसवायचा आणि त्याने तो दर तासाला बघून सही करायची. वायसरला मात्र हाकलायचं तर नकाशा त्याच्याबरोबर जाणार, आणि ठेवायचं तर असल्या माणसाला ठेवायचं कसं? शेवटी संस्थेने त्याला नकाशे करून देण्यासाठी दोन वर्षांकरता बांधून घ्यायचं ठरवलं. शिक्षा द्यायला बसले आणि नोकरी देऊन उठले. वायसर कागद हातात घेऊन दवाखान्याकडे निघाला. हे बायकोला हसत सांगावं की रडत, हे त्याचं ठरत नव्हतं.

वहिनीच्या डाव्या हातातही एक कागद होता. तो तिने त्याच्यापुढे धरला. डॉक्टरांनी लिहिलं होतं की उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा पूर्ण वळणार नाहीत आणि उष्णतेजवळचं काम निदान दोन वर्षं करता येणार नाही. लाँड्रीत उष्णतेजवळचं नसलेलं काम नसतं. त्याखाली संस्थेचा शेरा होता, तिचं नाव यादीतून गेलं होतं. बारा दिवसांनी जहाज घरच्या बंदराला लागलं की तिने उतरायचं होतं. वायसरची सोय खालच्या मजल्यावर चौघांच्या खोलीत केली होती.

त्याने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर शेवटी संस्थेच्या अध्यक्षांचीच सही होती. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच त्याने स्वतःच्या हाताने फिरवून बंद केलं होतं. वहिनीला त्याचा राग आला होता, पण तो रागही आता दमून गेला होता.

त्या संध्याकाळी तो नकाशेबाईंच्या दारात उभा राहिला.

"दोन वर्षं नकोत. मला बायकोबरोबर उतरायचंय. बारा दिवसांत सगळं काढून देतो."

"नऊ मजले? बारा दिवसांत? शक्यच नाही."

"तुम्ही चालाल तेवढं मी चालतो. तुम्ही बसलात तरी मी चालतो."

त्या जराशा हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा.

मग बारा दिवस जहाजावर एक वरात फिरली. पुढे वायसर, त्याच्यामागे फळीवर कागद लावून नकाशेबाई आणि त्यांच्यामागे रंगाचा डबा घेऊन वाफ्या. वायसरने पाइपावर हात ठेवायचा, कुठून येतो, कुठे जातो ते सांगायचं, बाईंनी ते कागदावर घ्यायचं आणि वाफ्याने त्यावर आकडा रंगवायचा. जुगारवाल्याचे आरसे काढले, तर मागे कंपनीच्या काळातली गुलाबी भिंत निघाली. गुलाबी भिंत उघडली, तर शेठच्या वाचनालयाची कपाटं निघाली, आणि त्यांच्या पाठीमागून तीन पाइप गेले होते. नाचाच्या दालनातला लाल गालिचा उचलला तेव्हा खालची सागवानी जमीन जशीच्या तशी होती. नकाशेबाई बूट काढून त्यावरून या टोकाहून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या की म्हाताऱ्यांना हेच दालन देऊ. वायसर बोलत सुटला होता. सत्तावीस वर्षं तोंड मिटून ठेवलेला माणूस, त्याला आता खंड पडेना. हा वाकडा जोड का दिला, तो पाइप कोणत्या वादळात फुटला, ही नळी बसवणारा कसा झोपेत काम करायचा, सगळं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हे कोणाला तरी सांगायची त्याला किती दिवसांची हौस होती. वहिनी पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून मधूनमधून येऊन बसायची आणि "हे मला कधी सांगितलं नाहीत" म्हणायची.

आठव्या दिवशी दुपारी वायसरला जरा डुलकी लागली. तो उठला तेव्हा कळलं की मधल्या वेळात सातव्या मजल्यावर एक जोड सुटला होता. नकाशेबाईंनी कागद उघडला, वाफ्याने आकडा शोधला, व्हॉल्व्ह बंद केला आणि जोड घट्ट बसवला. पाच मिनिटं लागली. त्याला उठवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. वायसरला आत कुठेतरी बारीक कळ आली. "बरं केलंत," तो म्हणाला आणि पुढचा पाइप दाखवायला उठला.

बाराव्या दिवशी सकाळी जहाज घरच्या बंदराला लागलं. निरोपाला पोरी आल्या, वाफ्या आला, तो वहिनीच्या पाया पडायला वाकला तर तिने डाव्या हाताने त्याला वर ओढलं. दोघांनी आपापली ओळखपत्रं शिडीच्या तोंडाशी नव्या पहारेकऱ्याकडे जमा केली आणि ते खाली उतरले. धक्क्यावर एक बाक होता. वहिनी त्यावर बसली, वायसरने दोन्ही बॅगा तिच्या पायाशी ठेवल्या. गाडी यायला अजून वेळ होता.

"सगळं दिलंत?" तिने विचारलं.

"दिलं."

"अहो. इकडे बघा. एकही ठेवला नाहीत ना?"

वायसर पाण्याकडे बघत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

"एक आहे," शेवटी तो म्हणाला. "बेकरीच्या भिंतीत. पिठाच्या डब्यांमागे. एवढा काही कामाचा नाही."

"मग कशाला ठेवलात?"

"कधी अडलं तर बोलावतील."

"बोलावलं तर जाल?"

त्याने खरंच विचार केला. "नाही. तुला सोडून कुठे जाऊ? पण बोलावावं असं वाटतं."

वहिनी रागावली नाही. तिने त्याची कॉलर नीट केली, डाव्या हाताने, वाकडीतिकडी. "जा," ती म्हणाली, "सांगून या. मी बसलेय इथे."

तो शिडी चढून वर गेला. पहारेकऱ्याने हात आडवा केला. तो आजच लागला होता, आणि सकाळपासून उतरलेल्या एवढ्या माणसांत वायसर त्याच्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं.

"ओळखपत्र?"

"आत्ताच तुमच्याकडे दिलंय."

"मग पाहुण्यांच्या वहीत लिहा. नाव, कोणाला भेटायचं, काय काम."

वायसरने पेन घेतलं. सत्तावीस वर्षांत या वहीला त्याने हात लावला नव्हता. त्याने नाव लिहिलं, भेटायचं त्या रकान्यात नकाशेबाईंचं लिहिलं, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं: बेकरीतला एक व्हॉल्व्ह दाखवायचा राहिला. पहारेकऱ्याने पाहुण्याचा बिल्ला त्याच्या खिशाला लावला आणि म्हणाला, "बेकरी माहीत आहे ना? नाहीतर कोणाला तरी बरोबर देतो."

"सापडेल," वायसर म्हणाला.

वीस मिनिटांनी तो खाली आला. नकाशेबाईंनी पिठाने भरलेल्या हातांनीच तो व्हॉल्व्ह कागदावर घेतला होता, वाफ्याने आकडा रंगवला होता, आणि आता थोरलीवर असं काहीही उरलं नव्हतं जे फक्त त्याला ठाऊक होतं. तो बाकावर बसला, तोंड ओंजळीत धरलं आणि भर दिवसा, सगळ्या हमालांदेखत, हमसून हमसून रडला. वहिनी त्याच्या शेजारी बसून राहिली. मधे गाडी आली, तिने गाडीवाल्याला थांबायची खूण केली. त्याचं रडून झाल्यावर तिने हलकी बॅग डाव्या हाताने उचलली आणि म्हणाली, "चला."